मोटारीच्या खोलीतली स्कॉच

अक्का,

उत्तरकार्याच्या दिवशी मांडवात सात-आठ जण तुझ्याबद्दल बोलले. दाजी गेल्यावर तू केळीची बाग एकटीने कशी सांभाळलीस, व्यापाऱ्यांना कसं गप्प करायचीस, सुनीलला कसं शिकवलंस, सगळं आलं. सगळं खरंच होतं. मलाही दोनदा खूण झाली, "सर, दोन शब्द." मी मान हलवली. मला जे सांगायचं होतं ते मांडवात सांगण्यासारखं नाही, असं तेव्हा वाटलं. आता धुळ्याला घरी येऊन आठ दिवस झालेत. दुपारचे तीन वाजलेत, मंगल आत आडवी झालीय, आणि मी जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलोय.

आपण दोघं आयुष्यभर अहिराणीतच बोललो. इथे मी तुझं बोलणं बरंचसं पुस्तकी मराठीत उतरवणार आहे. तू असतीस तर विचारलं असतंस, "कोनसाठे?" ते मलाही नक्की माहीत नाही. काही वाक्यं मात्र उतरत नाहीत. ती तशीच ठेवतो.

मी निवृत्त झालो त्या वर्षी अनघाकडे स्कॉटलंडला तीन महिने राहून आलो, तुला आठवतं. जावयाने एक दिवस मला व्हिस्कीच्या कारखान्यात नेलं. तीस वर्षं मी फळ्यावर ऊर्ध्वपातनाची आकृती काढली, मुलांकडून काढून घेतली, चुकली तर मार्क कापले. तिथे तीच आकृती तांब्याची, दोन पुरुष उंच, समोर उभी होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा सिंगल माल्ट प्यालो. म्हणजे एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या सातूपासून काढलेली आणि लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली. परत येताना एक बाटली आणि एक तिचा खास ग्लास आणला. खाली फुगीर, वर निमुळता, वास एका जागी धरून ठेवणारा.

तुझ्यासाठी लोकरीची शाल आणली होती. ती द्यायला आलो आणि मुक्काम केला. निघायच्या दिवशी तू माझ्या बॅगेत ज्वारीचे बिबडे ठेवायला गेलीस आणि तुझ्या हाताला बाटली लागली. तू ती बाहेर काढलीस, फिरवून पाहिलीस. चिडलीस असं नाही. आवाज खाली गेला तुझा.

"हाई मना घरमा नको, मधू."

"अक्का, ही तसली नाही. ही—"

"नको म्हनं ना."

दाजी दारूने गेले. सुनील तेव्हा नववीत होता. शेवटचं वर्षभर तू त्यांना लहान मुलासारखी अंघोळ घालत होतीस. हे मला माहीत असून मी ती बाटली तुझ्या घरात आणली होती, आणि वर 'तसली नाही' म्हणत होतो. तू ती पदराआड धरून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत नेलीस आणि स्टार्टरच्या पेटीखाली खताच्या रिकाम्या गोणीवर ठेवलीस. "जाताना इथूनच घेऊन जा."

मी घ्यायला गेलो. बसला दीड तास होता. लाइट गेलेली, मोटार बंद, खोलीत गारवा. मला कशाची खुमखुमी आली देव जाणे. ग्लास बॅगेतच होता. मी गोणीवर बसलो, बाटली उघडली आणि बोटभर ओतली. तेवढ्यात तू आलीस. माझ्यासाठी नाही, लाइट आली का ते बघायला. दारातच थांबलीस. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण तू खोलीभर नजर फिरवलीस आणि म्हणालीस,

"इथे केळी कोणी पिकत घातली?"

"केळी कुठे आहेत?"

"आहेत. वास येतोय."

कोपऱ्यात पाइपचे तुकडे होते, पान्हा होता, जुनी पाटी होती. केळी नव्हती. तू वास काढत काढत माझ्यापर्यंत आलीस आणि माझ्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलंस. मग तो घेतलास. घड पिकला का ते पाहताना तू जशी फणीजवळ तोंड नेऊन हळूच श्वास घ्यायचीस, तसाच घेतलास.

"दुसऱ्या दिवसाचं केळं आहे. देठ अजून हिरवा आहे त्याचा."

अक्का, ज्या वासाला तू केळं म्हणालीस त्याचं नाव आयसोअमाइल ॲसिटेट. पिकत्या केळ्यात असतो आणि काही व्हिस्कींतही असतो, तोच. मी हे वर्गात शिकवलं होतं. कारखान्यातल्या बाईनेही सांगितलं होतं, आणि मी मान डोलावून 'हो हो' केलं होतं, पण माझ्या नाकाला काहीएक लागलं नव्हतं. मी तुला ते नाव सांगितलं. तू म्हणालीस, "आम्ही त्याला पिकणं म्हणतो." मग पुन्हा वास घेतलास, जरा जास्त वेळ. ग्लास परत दिलास आणि म्हणालीस, "तू भलता शिकेल शे, पन तुनं नाक काही कामनं नही."

त्या दिवशी मी चारची बस सोडली.

त्यानंतर दर महिन्याच्या एका रविवारी मी येऊ लागलो. धुळ्याहून अमळनेर, अमळनेरहून चोपडा, तिथून तुझं गाव. नियम तुझे होते. बाटली आणि ग्लास मोटारीच्या खोलीच्या बाहेर जाणार नाहीत. जे व्हायचं ते उजेडात, उन्हं कलायच्या आत. तू पिणार नाहीस, मी एकापेक्षा जास्त घेणार नाही. आणि परत घरात शिरण्याआधी तू हौदावर साबणाने हात धुवायचीस, कोपरापर्यंत. मी हसायचो त्याला. तू नाही हसायचीस.

दुसऱ्या खेपेला मी धुराची आणली.

"ही कुठली?"

"आयला."

तू डोळे वटारलेस. "मोठ्या बहिणीसमोर असं बोलतोस?"

"अगं, बेटाचं नाव आहे ते. लिहितात वेगळं, म्हणतात आयला."

तू इतकी हसलीस की गोणीवर बसलीस. नंतर प्रत्येक वेळी आधी तेच विचारायचीस, "तुझ्या आयलाचं काय?" पण त्या दिवशी हसू ओसरल्यावर तू ग्लास नाकाशी नेलास आणि एकदम गंभीर झालीस. "ही तर बाळंतिणीची खोली आहे," म्हणालीस. "धुरी, ओवा आणि डेटॉल." मी पुस्तकांतून त्या बेटाच्या व्हिस्कीचं वर्णन वाचलं होतं. दवाखाना, समुद्र, डांबर वगैरे. त्या सगळ्या वर्णनांपेक्षा तुझे तीन शब्द नेमके होते. मी तुला सांगितलं की तिकडे दलदलीची माती वीट कापावी तशी कापून वाळवतात आणि जाळतात, तिच्या धुरावर सातू सुकवतात. तो धूर पिंपातल्या दहा-बारा वर्षांनीही जात नाही.

तू विचारलंस, "याच्यासोबत तिकडे काय खातात?"

"धुरावलेला मासा. बुरशी आलेलं चीज."

"बुरशी आलेलं?" तू नाक मुरडलंस. "थांब जरा."

तू बाहेर गेलीस आणि वांगी घेऊन आलीस, भरताची, हिरवी-पांढरी, हातभर. मोटारीच्या खोलीमागे कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या. त्यांच्यावर ती भाजलीस. लाकडी बडगीत ठेचलीस. मिरची एकच घातलीस, तीही भाजून बिया काढलेली. कांद्याची पात हातात घेतलीस आणि परत ठेवलीस. मी म्हणालो, "असलं मिळमिळीत भरीत खान्देशात कोणी खात नाही." तू ऐकलं नाहीस. घास तोंडात धरून तू ग्लास हुंगलास, डोळे मिटून. पिणं माझं काम होतं. मी घोट घेतला.

पऱ्हाटीचा धूर आणि त्या बेटाचा धूर एकमेकांत असे मिसळले की कुठला कोणाचा ते मला सांगता येईना. शेंगदाण्याचं तेल जिभेवर राहिलं आणि त्याच्यावरून व्हिस्की गोड होऊन गेली. मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "कांदा असता तर भांडले असते दोघे."

तरीही मला तुझ्यावर विश्वास ठेवायला वेळ लागला. धुळ्यात आम्ही चार निवृत्त मित्र रविवारी संध्याकाळी जमायचो. त्यांच्यासमोर मी एकदा माझी अक्कल चालवली आणि हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला. खान्देशी माणसाने तिखट टाळायचं म्हणजे काय! दारू तिखटाला दुप्पट करते हे मला रसायनाच्या माणसाला कळायला हवं होतं. चौघांची तोंडं पेटली, डोळ्यांतून पाणी, आणि एवढ्या लांबून आलेली बाटली पाण्यासारखी गेली. तुला सांगितलं तेव्हा तू फक्त विचारलंस, "शेवभाजी पण ठेवून पाहिली असशील?" मी ठेवली होती. काळ्या मसाल्यापुढे व्हिस्की कुठे गेली ते समजलंही नाही. ते मी तुला सांगितलं नाही. आता सांगतो.

तीन वर्षांत तू कितीतरी जोड्या लावल्यास. वरण-बट्टीवर तुपाची धार आणि त्याच्याबरोबर ती हलकी, नारळाच्या वासाची. समुद्राकाठची, जराशी खारट, तिला घोटलेली उडदाची डाळ आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. एक बाटली शेरी नावाच्या वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली होती. तिला तू म्हणालीस, "मनुका, काकवी आणि आईचं लाकडी कपाट." मला तिच्याबरोबर पुरणाचे मांडे हवे होते. तू साफ नाही म्हणालीस. गोडाशेजारी गोड ठेवलं की दोन्ही मुकी होतात म्हणे. मी म्हणायचो, एकदा चुलीवर मांड्यांचं खापर ठेवून तर बघ. तू म्हणायचीस, तुला मांडे खायचे असतील तर सरळ सांग, तिचं निमित्त कशाला? हा वाद मिटला नाही. मला अजूनही वाटतं माझं बरोबर होतं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

माझं नाव झालं, अक्का. धुळ्यातल्या मित्रांनी चार लोकांना सांगितलं, त्यांनी आणखी कोणाला, आणि जळगावच्या एका हॉटेलवाल्याने मला बोलावलं. स्कॉच आणि खान्देशी जेवण, पन्नास-साठ पाहुणे, हातात माइक. मी आयलाबरोबर भरीत ठेवलं, उडदाच्या डाळीबरोबर समुद्राकाठची. लोक चाट पडले. एकाने उठून विचारलं, "सर, हे तुम्हाला सुचलं कसं?"

मी म्हणालो, "प्रयोगातून."

तुझं नाव घेतलं नाही. मी स्वतःला समजावलं की विधवा बाई, नवरा दारूने गेलेला, गाव लहान, तिचं नाव स्कॉचबरोबर कसं घ्यायचं? हे कारण चांगलं होतं. पण खरं कारण ते नव्हतं. टाळ्या मला हव्या होत्या. आणि आणखी वाजाव्यात म्हणून मी शेवटी म्हणालो, "मित्रहो, ही दारू नव्हे, ही संस्कृती आहे." वाजल्या.

कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि फिरत फिरत ते सुनीलकडे आलं. सुनीलने तुला दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन.

"माझं नाव नाही घेतलंस ते मला कळलं. का नाही घेतलंस ते पण कळलं. त्याचं काही नाही. पण 'ही दारू नव्हे' असं कसं बोललास तू?"

"अक्का, भाषणात असं बोलतात."

"तुझ्या दाजींनी पहिली बाटली घरी आणली तेव्हा हेच म्हणाले होते. ही दारू नव्हे, ही इंग्लिश आहे. बठ्ठं एकच शे, मधू. सातूची काय न् मोहाची काय."

मी मास्तर आहे. मला चूक दाखवलेली सहन होत नाही, त्यातून ती खरीच असली तर मुळीच नाही. मी म्हणालो, "एकच आहे ना? मग तीन वर्षं वास कशाचा घेत होतीस?"

तू फोन ठेवलास.

आठ महिने आपण बोललो नाही. मी फोन केला नाही, तू तर करणार नव्हतीसच. त्या आठ महिन्यांत माझं रविवारचं रोजचं झालं. आधी अर्धा, मग एक, मग दोन. चव बघतोय, नोंदी करतोय, असं चालायचं. मंगल काही बोलली नाही, फक्त तिने जेवणाची वेळ अलीकडे घेतली. मी पिण्याची वेळ त्याच्याही अलीकडे घेतली. कोणाला कळत नाही असं मला वाटत होतं.

मग सुनीलचा फोन आला. तुझ्या पोटात गाठ निघाली होती. मी जळगावच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तू कॉटवर उशीला टेकून बसली होतीस, अर्धी झालेली. मी काही बोलायच्या आत म्हणालीस, "आठे ये." मी जवळ गेलो. माझा हात धरलास, जवळ ओढलंस आणि वास घेतलास. दवाखान्यातल्या त्या फिनेलमधून.

"रोज घेतोस."

मी आंघोळ करून, दात घासून, तीन तास प्रवास करून आलो होतो. "नाही गं," म्हणालो.

"काल रात्रीचा आहे. पण रोजचा आहे. कातडीतून येतोय. मला हा वास शिकवू नकोस. किती?"

"दोन. कधी तीन."

"रविवारचं रविवारी ठेव. नाही जमलं तर सोडून दे."

एवढंच. त्या फोनबद्दल तू काही बोलली नाहीस. मी माफी मागायची ठरवून आलो होतो, तीही राहिली. बाटलीला त्या दिवसापासून मी रविवारखेरीज हात लावला नाही. सोपं गेलं असं सांगत नाही. पहिले पंधरा दिवस झोप नव्हती. मग मी मंगलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं." तिघांत मी एकटाच होतो ज्याला माहीत नव्हतं.

शेवटच्या महिन्यात तू हट्टाने घरी आलीस. मी येऊन राहिलो. एका दुपारी ओसरीवरच्या पलंगावर तू पडली होतीस, ऊन पायांवर घेत. सुनील बागेत होता, तुझी सून वर्षा आत स्वयंपाकात. तू म्हणालीस, "आहे का तुझ्याजवळ?"

"काय?"

"ती पहिली. केळ्याची."

बाटली अजून मोटारीच्या खोलीतच होती, गोणीवर, तळाशी दोन बोटं उरलेली. मी म्हणालो, चल, तुला धरून नेतो. तू म्हणालीस, "इथेच आण." तुझ्या घरात, तुझ्या तोंडून. मी आणली. ग्लास तुझ्या हातात दिला आणि खालून माझा हात लावला.

तू हळूच श्वास घेतलास. मग म्हणालीस, "तू विचारलं होतंस ना, वास कशाचा घेते."

"अक्का, ते मी रागात—"

"ऐक. लग्नानंतर पहिली दोन वर्षं. तुझे दाजी बाजाराच्या दिवशी चोपड्याहून यायचे तेव्हा थोडी घेतलेली असायची. अगदी थोडी. हाच वास. त्या दिवशी ते हसायचे. माझ्या हातातली विळी काढून घ्यायचे आणि स्वतः भाजी चिरायला बसायचे. म्हणायचे, आज तू बस, मी तुला वाढतो. बोटं कापून घ्यायचे." तू थांबलीस. "नंतरचा वास वेगळा होता. तोच, पण वेगळा. तू मोटारीच्या खोलीत ओतलीस ना त्या दिवशी, तेव्हा केळ्याच्या वासाखाली मला तो पहिला आला. त्या दोन वर्षांचा. मला वाटलं होतं तो माझ्याकडून गेला."

तीस वर्षं वासाची सूत्रं शिकवली मी.

तू ग्लास नाकाशीच धरला होतास तेव्हा सुनील औषधाची वेळ झाली म्हणून बागेतून आला. ओसरीच्या पायरीवर उभा राहिला. ग्लास पाहिला, तुला पाहिलं, मला पाहिलं, आणि मागच्या मागे गेला. तू डोळे मिटून होतीस. मला वाटलं, आई आजारी आहे, त्याच्याने पाहवलं नाही. नऊ दिवसांनी तू गेलीस.

उत्तरकार्य आटोपलं, पाहुणे पांगले, तेव्हा सुनील मला म्हणाला, "मामा, जरा विहिरीकडे येता?" आम्ही गेलो. मोटार चालू होती, त्याने ती बंद केली. शांतता झाली तशी त्याने विचारलं,

"आई पीत होती का?"

मला प्रश्न समजायलाच वेळ लागला.

"काय म्हणालास?"

"तुम्ही यायचात त्या रविवारी ती या खोलीत असायची. बाहेर आली की साबणाने हात धुवायची, कोपरापर्यंत. मग घरात. मी कधी विचारलं नाही तिला. बाबांचं झालं तेव्हा मी नववीत होतो, मला वाटायचं आता ही पण. चार वर्षं, मामा, ती मला पाणी द्यायची तेव्हा मी ग्लास घेताना तिचा वास घ्यायचो. आणि त्या दिवशी ओसरीवर तर डोळ्यांनी पाहिलं."

मी त्याला सांगितलं. पहिल्या दिवसापासून. केळं, बाळंतिणीची खोली, भरीत, मांड्यांवरचं भांडण. जळगावच्या हॉटेलातल्या टाळ्या कोणाच्या होत्या ते. फोनवर मी काय बोललो ते. ओसरीवर तू काय म्हणालीस तेही सांगितलं, दाजींचं. ते त्याचे वडील आहेत, त्याला कळायला हवं होतं. "एक थेंब नाही, सुनील. जिभेलासुद्धा लावली नाही तिने कधी." तो हौदाच्या कठड्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. चाळिशीचा माणूस. मी शेजारी बसून राहिलो. मला सारखं एकच दिसत होतं. जळगावात त्या माणसाने उठून विचारलं तेव्हा मी जर म्हणालो असतो, 'हे माझ्या बहिणीचं नाक आहे, ती स्वतः पीत नाही', तर त्या चित्रणात सुनीलने ते ऐकलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तुझी अब्रू राखतो म्हणून मी ते गिळलं आणि तुझ्याच घरात ती घालवली.

मागच्या रविवारी मी मित्रांना सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी बाटली उघडली नाही, कोणी आठवणही काढली नाही. हॉटेलवाल्यालाही फोन केला. तो म्हणाला, "सर, आता कशाला?" मी म्हणालो, पुढच्या वेळी त्या पदार्थांपुढे तिचं नाव लिही, नाहीतर ते ठेवू नकोस. लिहितो म्हणालाय. बघू.

आणि काल सुनीलचा फोन आला. त्याने गावातल्या चार-पाच जणांना घरी बोलावून सांगितलं, तुझं नाव घेऊन, की माझी आई कधी प्यायली नाही. मी विचारलं, "त्यांना कशाला सांगायचं होतं?" तो म्हणाला, "मामा, गावाला पण तसंच वाटत होतं. मला एकट्याला नाही."

"अक्काला माहीत होतं?"

"होतं. मला आताच वर्षाने सांगितलं. शेजारच्या काकू आईला तोंडावर म्हणाल्या होत्या, दोन वर्षं झाली. लोक म्हणतात तू भावासोबत बसतेस, त्याला येऊ देऊ नको. वर्षा तिथेच होती."

"मग? काय म्हणाली ती?"

सुनील शहरात शिकला, माझ्याशी नेहमी शुद्ध बोलतो. पण तुझं वाक्य त्याने तुझ्यासारखंच सांगितलं.

"म्हनू दे. मना भाऊ दर महिनाले येस, ते काय कमी शे?"

अक्का, ती बाटली आणण्याआधीची वीस वर्षं मी तुझ्याकडे फक्त भाऊबिजेला येत होतो. ओवाळून घ्यायचो, जेवायचो आणि चारच्या बसने परत.